बोटाला लागेल असं नाव

मी, ओरेस्ते झानेल्ली, धंदा ग्रॅनाइटवर अक्षरं कोरण्याचा, राहणार बॅरी, व्हरमाँट, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. मेंदूच्या झटक्यानंतर मला लिहिता येतं, वाचता येत नाही. शाई वाळायच्या आत माझंच अक्षर मला परकं होतं. यावरून माझं डोकं फिरलं असा अर्थ कुणी काढू नये, विशेषतः जावयाने.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी रेनाताला. पुस्तकं वाचनालयाला. स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची हलवू नये. झटक्यानंतर माझी बायको आसुंता तिथं बसून मला रोज पेपर वाचून दाखवायची. ती गेली, तरी तिचा आवाज येतो. ती तीच जुनी बातमी वाचते. मला भीती वाटते, तरी मी समोर जाऊन बसतो.

२. आसुंता गेली तेव्हा माझा हात सावरला नव्हता, म्हणून रेनाताने यंत्राने वरवर अक्षरं खरवडलेला, गुळगुळीत दगड आणला. मी आता बोटाने वाचतो; खाचेतून बोट फिरलं की हाताला अक्षर कळतं. त्या दगडावर बोट नुसतं घसरतं. त्या रांगेतले सगळे दगड तसलेच. पानगळ संपेपर्यंत मी भलत्याच थडग्यावर फुलं वाहून रडत होतो.

शेवटी कोर्रादोने खांद्यावर हात ठेवला. तोही कोरणाराच. माझी अक्षरं उथळ असतात असं तो एकदा भर पंगतीत म्हणाला, तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं.

"अरे, ही पिएरिना," तो म्हणाला. "तुझ्या बायकोशी जन्मभर भांडली ती."

"मग आसुंता कुठंय?"

"पलीकडे. सगळं बघत असणार. वर गेलास की तुझी काही खैर नाही."

मी हसलो. मग फुलं उचलून पलीकडे नेली.

रेनाताला दगड बदलायला सांगितलं. "पपा, आईला आता शांत पडू द्या," म्हणाली आणि उठून गेली. जिवंत बापाचं ऐकलं नाही, मेलेल्याचं तरी ऐकावं.

३. माझा हात लिहिण्यापुरताच सावरला, म्हणून माझ्या सगळ्या छिन्न्या कोर्रादोला; अट एवढीच, की आसुंताचा आणि माझा मिळून एकच नवा दगड त्याने हाताने कोरावा. मी उथळ कोरायचो हे साफ खोटं. तो खोल कोरतो हे मात्र खरं.

४. हिवाळ्यात गेलो तर जमीन गोठलेली असेल, खणता येणार नाही आणि शवपेटी वसंतापर्यंत दफनभूमीच्या कोठडीत राहील. कोर्रादोला तेवढी सवड पुरे. एरवी गेलो तरी दगड उभा राहिल्याशिवाय मला पुरू नये.

५. पुरण्याआधी पेटी दगडाला लावून झाकण उघडावं. रेनाताने माझा उजवा हात धरून बोट तिच्या आईच्या नावातून शेवटपर्यंत फिरवावं. हात गार लागेल, घाबरू नये. मेल्यावर वाचता येतं की नाही, हे मला कुणीच सांगू शकलेलं नाही. आणि पुन्हा भलत्या बाईपाशी जाऊन मला रडायचं नाही.

हा मजकूर रेनाताने साक्षीदारांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवला. पाचव्या कलमापाशी ती थांबली. मग माझा हात हातात घेऊन तिने पुढचं वाचलं.

सही: ओरेस्ते झानेल्ली

साक्षीदार: तेरेसा कोल्ले, शेजारीण
हॅरल्ड पाइक, दफनभूमीचा राखणदार

बॅरी, व्हरमाँट, ४ डिसेंबर १९९६