बाबांची रेंगाळणारी कादंबरी

दादा,

मी लॅबला निघालेय, संध्याकाळी येईन. बाबांना सूप कोमटच दे, गरम दिलंस की ठसका लागतो. मग त्यांची ती ख्रिस्ती थरारकादंबरी वाचून दाखव. आधीच सांगते, ती तुझा अंत पाहील. अर्धं पुस्तक संपलं तरी चर्चमधला बॉम्ब जागच्या जागी आहे आणि नायक पानंच्या पानं प्रार्थना करतोय. पोलिसांना फोन करावा हे एकालाही सुचत नाही! याला थरार म्हणायचं? मी एखादं पान गाळलं की बाबा डोळे मिटूनच विचारतात, "घाई कुणाला आहे बयो, तुला की मला?"

काल वैतागून मी शेवट वाचून टाकला. मरणाला टेकलेला म्हातारा पाद्री प्रार्थनेनं खडखडीत बरा होतो. कसा, ते एका ओळीतही सांगितलेलं नाही. बाबांचे रिपोर्ट तू पाहिलेच आहेस. त्यांना मात्र हे खरं वाटेल, आणि मग ते आशेनं माझ्याकडे बघतील.

म्हणून काही गाळू नकोस. प्रत्येक प्रार्थना सावकाश वाच. या वेगानं आपण शेवटापर्यंत पोचणार नाही.

धाकटी