बाणाच्या दिशेनं

३ जून, सोमवार
आले एकदाची लेकीच्या घरी! दोन बॅगा, गुडघ्याचं तेल आणि माझी उशी. "आई, दोन-चार महिने ये, तू असलीस की मला घोर नाही." घोर कसला, तर टिकलीच्या जबड्याचा! नात आठ वर्षांची. वरचा जबडा अरुंद. एका बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात, तोंड मिटताना हनुवटी एकीकडे सरकते. आ वासून झोपते नि चक्क घोरते. मी म्हटलं, दुधाचेच दात ना, पडतील आपोआप. तर लेक खेकसलीच माझ्यावर.

५ जून, बुधवार
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे वरात गेली. बाई चांगली आहे, पण बोलते हळूहळू, जणू मी बालवाडीत आहे. "आजी, टाळूच्या मधोमध एक शिवण असते. या वयात ती सैल असते, जबडा हळूहळू रुंद करता येतो. पुढे पक्की झाली की हे इतक्या सोप्यात होत नाही, कधीकधी ऑपरेशनच करावं लागतं."

मग गुलाबी प्लेट दिली. कडेला तारेचे आकडे, मध्ये बारीकसा स्क्रू, सोबत एक चावी. जेवताना सोडून दिवसभर तोंडात. दर बुधवारी नि रविवारी प्लेट काढायची, चावी घालायची, बाणाच्या दिशेनं एकदा फिरवायची. हे काम माझ्या गळ्यात. "बाणाच्या दिशेनंच हं आजी. आणि चष्मा लावून!"

पस्तीस वर्षं पोरींना गणित शिकवलं मी! मला बाण कळत नाही?

९ जून, रविवार
डोक्याला नुसता ताप! जेवताना काढलेली प्लेट टिकलीनं कागदी रुमालात गुंडाळली आणि तो रुमाल गेला कचऱ्यात. अख्खा डबा वर्तमानपत्रावर पालथा घातला मी. सालं, चहाची पावडर, खरकटं — आणि तळाशी गुलाबी बाईसाहेब! जावई दारात उभे राहून बघत होते. म्हणाले काय, तर "आई, चहा टाकू?" त्या माणसाला दुसरं वाक्यच येत नाही.

संध्याकाळी चष्मा लावून, दिव्याखाली बसून चावी फिरवली. प्लेट बसवल्यावर "आजी, दाटतंय" म्हणून भोकाड पसरलं. लाळ गळतेय, 'स' म्हणता येत नाही, सगळं घर माझ्याकडे बघतंय. मी वैतागून म्हटलं, "कधी एकदा हा जबडा रुंद होतोय आणि मी माझ्या घरी जातेय!"

१९ जून, बुधवार
बेसिनवर दोन वाट्या शेजारी शेजारी. एकीत माझी कवळी, दुसरीत तिची प्लेट. टिकलीनं विचारलं, "आजी, तुझ्या कवळीला चावी नाही?" म्हटलं, "नाही गं, माझं सगळं रुंद होऊन झालंय." इतकी हसली, इतकी हसली! दात नसलेलं माझं तोंड पाहून आणखीच हसली.

बरं वाटलं. पण या गादीनं पाठीचं वाटोळं केलंय.

३० जून, रविवार
चावी फिरवली. आता रडत नाही. 'दाटतंय' म्हणत नाही. प्लेट अशी सुळ्ळकन बसते की बस! सवय झाली असणार.

मैत्रिणीचा फोन होता. आमचा कट्टा माझ्यावाचून ओस पडलाय म्हणे. मी सांगितलं, "नातीचे दात झाले की निघालेच. एक दिवस जास्त थांबायची नाही!" टिकली तिथेच चित्र रंगवत बसली होती.

११ जुलै, गुरुवार
दुपारी कुशीत शिरते हल्ली. इतकं उकडतं मला! पण सरक म्हणवत नाही.

१५ जुलै, सोमवार
लाज काढली माझी!

संध्याकाळी दवाखान्यात बाईंनी प्लेट हातात घेतली, उलटसुलट पाहिली, मोजपट्टी लावली. "स्क्रू तर मी दिला तिथेच आहे." सगळ्यांच्या माना माझ्याकडे! मी म्हटलं, "अहो, एकही वार चुकवलेला नाही मी." बाई गोड हसल्या, "होतं आजी, वयानं. चावी कधी उलटी फिरते." वयानं!

 गाडीत टिकली आपल्या बुटांकडे बघत होती. घरी आल्यावर लेकीनं तोंड उघडलं. "आई, तुला हे पहिल्यापासून पटलंच नव्हतं. फिरवायचं नव्हतं तर तसं सांगायचंस. दीड महिना फुकट गेला तिचा! उद्या ऑपरेशनची पाळी आली तर?"

म्हणजे मी खोटारडी! स्वतःच्या नातीच्या जिवाशी खेळणारी! पोटच्या पोरीनं तोंडावर सांगितलं.

१६ जुलै, मंगळवार
झोप नाही. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. बाण घशाकडे. चावी घशाकडे. दर वेळी चष्मा लावून. माझी चूक नाही. नाही म्हणजे नाही!

लेकीला हेच सांगायला गेले. तिनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "बरं आई." हे असलं 'बरं' वर्गातल्या उनाड पोरींना मी म्हणायचे. नाकाला मिरच्या झोंबल्या अगदी.

जावई म्हणाले, "आई, चहा टाकू?"

१९ जुलै, शुक्रवार
ठरलं. रविवारी निघते. चावी लेकीच्या पुढ्यात ठेवली. "तुझी पोर, तुझी चावी. तू सांभाळ." ती म्हणाली, "जशी तुझी मर्जी." डोळे भरले होते तिचे. माझेही. पण दोघीही एका हट्टाच्या. कोण आधी बोलणार?

टिकलीला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं बॅग पाहिली आणि जेवलीच नाही.

२१ जुलै, रविवार
बॅग दारात. चपला घालतच होते. टिकली आली, तोंडातली प्लेट काढून ओलीच माझ्या हातावर ठेवली. "आजी, मी उलटं फिरवायचे. तू फिरवलंस की दुसऱ्या दिवशी, दुपारी तू झोपल्यावर. दात झाले की तू जाणार होतीस ना?" मग ओठ काढून म्हणाली, "पण दात तर झालेच नाहीत. तरी का चाललीस?"

आतून लेक विचारत होती, "आई, गाडी बोलावू?"

टिकलीच्या कानात सांगितलं, दात झाल्यावरही मी येणार, सारखी येणार, आता चावीला हात लावायचा नाही. मग मोठ्यांदा म्हटलं, "नको बोलावू गं. चूक माझीच होती. चष्मा न लावताच फिरवत होते. बाण उलटा वाचला मी."