घरचंच काम

जावईबापू,

आमचं घर घेणार होत्या त्या मास्तरीणबाईंचा आज फोन आला. त्यांनी दुसरीकडे घर घेतलं. तुमच्या खरेदीखताच्या मसुद्याची वाट बघून कंटाळल्या बिचाऱ्या.

"माझा नवरा वकील असताना बाहेरचा कशाला?" असं लेक म्हणाली होती. आणि मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "आई, घरचंच काम आहे, होऊन जाईल." परक्यांची कामं तुम्ही भराभर उरकता, कारण ते डोक्यावर बसतात. मी जावयाच्या डोक्यावर कशी बसू? तुम्ही आलात की बांधलेलं खोकं सोडून चांगले कप काढायचे, हसून चहा द्यायचा आणि तुम्ही गेलात की कप पुन्हा कागदात गुंडाळायचे, एवढंच करत आलेय.

यांच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नाही, म्हणून तर हा खटाटोप. हे घर विकलं नाही तर तळमजल्यावरचं ते घर कशातून घेणार? त्या बाईंचा फोन आल्यापासून हे गॅलरीत खुर्ची ओढून खालचा रस्ता बघत बसलेत.

मगाशी तुमचा फोन. "आई, मसुदा झालाय, फक्त एकदा नजर टाकायची राहिलीय."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते लिहिलं तर कागद पेटेल. मी म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

हे पत्रही पाठवणार नाही. लेकीला तुमच्याकडेच राहायचंय. पण पुढच्या गिऱ्हाइकासाठी उद्या दुसरा वकील बघतेय. परका, खडूस, फी घेणारा. निदान त्याच्यावर तोंड भरून ओरडता तरी येईल.

तुमची,
अजून हसतमुख सासू