जेनेपीत बर्फ मागणाऱ्या दादास

प्रिय गास्पारदादा,

सप्रेम नमस्कार. तू लियोंला सुखरूप पोचलास, तुझ्या गुडघ्याची सूज आणि वहिनींचा पारा दोन्ही उतरले, असं धरून चालतो. इथे डोंगरावर सगळे ठीक. मी तर ठीकच्या बराच पुढे आहे, आणि का ते तुला ठाऊक आहे.

ओफ्राझी आत्यानं दारूत मुरवायची जेनेपी, कड्यावरची ती कडू वनस्पती, खुडायची जागा मला सांगितली. मला, दादा. जी जागा तिनं नवऱ्यालासुद्धा कळू दिली नाही (बिचारे काका जन्मभर तिच्या मागे चोरून चढले आणि दर वेळी शेळ्या बघून परत आले), ती. आता तिचे पाय चढत नाहीत, म्हणून "ज्याला प्यायची अक्कल असेल त्याला एकदाच सांगीन" असं तिनं जाहीर केलं, आणि रविवारी चीजचं ताट उचलल्यावर तळघरातली जेनेपीच्या दारूची हिरवट बाटली टेबलावर आली. पुढचं तू पाहिलंसच. पण तोंड पाडून बसलेल्या माणसाला नीट दिसत नाही, म्हणून लिहितो.

प्याला इवलासा. आधी नुसता नाकाशी धरायचा, उन्हात तापलेल्या गवताचा वास येईपर्यंत. मग जिभेच्या टोकावर थेंबभर. कडू लागलं तरी कपाळाला आठी नाही. गोडवा मागून येतो, त्याची वाट बघायची. आणि आत्या विचारेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मी हे सगळं केलं. तू काय केलंस? "आत्या, जरा बर्फ मिळेल का?" सोलांजनं (माझी बायको, जी एरवी तुझीच बाजू घेते) डोळे मिटून घेतले. आत्या म्हणाली, "बर्फ हवा तर हिमनदीवर जा, बाळा. हे सरबत नाही." आणि तुझ्या प्याल्यावर बशी उपडी घातली. साठीच्या माणसाला बाळा.

माझ्या प्याल्यावर बशी नव्हती. नीट पिणाऱ्याचा प्याला आत्या पुन्हा भरते, आणि भरलेला नाकारणं म्हणजे तिच्या घराचा अपमान. तेव्हा मी जितकं नीट प्यालो तितकं जास्त प्यालो. शेवटी मध्ये बसलेल्या तुला ओलांडून ती वाकली आणि माझ्या कानात जागा सांगितली. तुझा तो चेहरा मी विसरणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा (आणि जागेचा एकमेव वारस)
फिर्मॅं

ता.क. तुझा चेहरा तेवढाच आठवतोय. "पडक्या चॅपेलपासून वर" इथपर्यंत पक्कं आहे. पुढे आत्याचे ओठ हलतायत आणि मी मान डोलावतोय. ती दुसऱ्यांदा सांगणार नाही. खुडायचे दिवस तोंडावर आलेत आणि आज तिनं रिकामी बरणी धुऊन माझ्या दारात ठेवली आहे.

ता.क. २. तू मध्ये बसला होतास. शुद्धीवर होतास. शहरात उकडतं, माणूस बर्फ मागणारच. त्यात काय एवढं? निम्मं निम्मं करू.

ता.क. ३. पत्र टाकायला निघालो तर आत्या खिडकीतून म्हणाली, "गास्पारलाच ना? जाड बूट घेऊन ये म्हणावं. त्याचा प्याला मी उगाच झाकला होय रे? तुमच्यातला एक तरी शुद्धीवर नको?"