स्टेशन सतराचं तापमान

मंगळवार, ४ मार्च

जे झालं ते, क्रमाने —

१. २१ फेब्रुवारीच्या पहाटे नाल्याजवळची मोठी जलवाहिनी तडकली. नाल्याचं सांडपाणी त्या तड्यातून आमच्या पाणीपुरवठ्याच्या स्टेशन सतराच्या टाकीत गेलं.

२. त्या टाकीत आमचा सेन्सर आहे. पाण्याचा गढूळपणा मोजतो. त्याला जोडलेल्या पेटीतलं सिमकार्ड दर पंधरा मिनिटांनी आकडा ऑफिसला पाठवतं. आकडा मर्यादेबाहेर गेला की मात्र त्याच क्षणी तिथल्या ऑपरेटरचा फोन आपोआप वाजतो.

३. फोन वाजला नाही. आमच्या पडद्यावर चार दिवस पाणी स्वच्छ होतं.

४. २४ तारखेच्या संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं. पडद्याने नाही.

५. त्रेपन्न जण आजारी. एक बाई गेली. वय चौतीस. शिवणकाम करायची.

६. ऑपरेटरने सेन्सर काढून पाठवला, प्रयोगशाळेत तपासला. दोष नाही.

सातवा मुद्दा साहेबांना हवा आहे. का झालं? सोमवारपर्यंत. काम माझ्याकडे, कारण बासष्टच्या बासष्ट स्टेशनांवर ही यंत्रणा मी बसवली.

बुधवार, ५ मार्च

चार दिवसांत तीनशे चौऱ्याऐंशी संदेश. एकही चुकलेला नाही. नेटवर्क एकदाही तुटलं नाही. गढूळपणाची रेघ सरळ — पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

शेजारच्या टेबलावरचा कविराज (कविता करत नाही, फक्त बोलतो तसा) डोकावून म्हणाला, "अगं, ही रेघ दवाखान्यात दिसली असती तर पेशंटला घरी न्या म्हणाले असते!"

मी हसले नाही. मग त्यालाही ती बाई आठवली असावी. चहा आणून दिला.

गुरुवार, ६ मार्च

सेन्सर तापमानही मोजतो. ते फक्त त्याच्या स्वतःच्या गणितासाठी. पडद्यावर दिसत नाही, कोणी बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं.

आज बघितलं.

टाकीत पाच लाख लिटर पाणी. दिवसभरात त्याचं तापमान अर्ध्या अंशानेही हलत नाही. ८ जानेवारीपर्यंत हललेलं नाही. ९ जानेवारीला सकाळी अकरा चाळीसपासून — पहाटे सतरा, दुपारी एकोणतीस. पहाटे सतरा, दुपारी एकोणतीस. रोज.

पाच लाख लिटर असं तापत नाही. बादलीभर तापतं.

सेन्सर टाकीत नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च

कोणाला सांगितलं नाही. उद्या जाते.

शनिवार, ८ मार्च

बसथांब्यापासून पंपघरापर्यंत सरळ रस्ता. मधे एक दुकान, शटर अर्धं खाली. त्यावर कागद चिकटवलेला — 'शिवायला दिलेले कपडे शेजारून घेऊन जावेत.' थांबले नाही. वाचलं मात्र पूर्ण.

ऑपरेटर पंपघरातच होते. छप्पन्न-सत्तावन्न वय. खुर्ची पुढे केली. मी विचारायच्या आधीच खिडकीखाली बोट दाखवलं.

निळी बादली. टाकीवरची वायर जोड देऊन खिडकीतून आत आणलेली. वर झाकण, झाकणाला वायरपुरती खाच. खाच कानशीने घासून गुळगुळीत केलेली! आत आवारातल्या बोअरचं पाणी. दर सोमवारी बदलायचे म्हणे. एवढं नीटनेटकं काम आमच्या माणसांनी पेटी बसवतानाही केलं नव्हतं.

"का?" मी विचारलं.

"पंप चालू केला की तळचा गाळ हलतो, ताई. दोन मिनिटं. मग आपला आपण बसतो. पण तुमचा फोन तेवढ्यात बोंबलतो. बोंबलला की टाकीवर चढून बटण दाबायचं, वीस मिनिटांत. नाही दाबलं तर तुमच्या कागदावर मी गैरहजर. दिवसातून सहा वेळा पंप. शहाऐंशी पायऱ्या. हा गुडघा बघा."

गुडघा बघितला. सुजलेला होता.

"कळवायचं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. त्यानेच अवघडल्यासारखं झालं.

"कळवलं की. तुम्हालाच. तीनदा. तुम्ही म्हणालात, सिस्टिम बरोबर आहे काका, तुम्ही प्रक्रिया पाळा." मग गुडघा चोळत, "तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, ताई. शेळ्यांच्या मागे पळणारा मी."

पहिला फोन मला आठवत नाही. दुसरा आठवतो. मी जेवत होते.

निघताना म्हणाले, "माझ्याही घरी तेच पाणी येतं. बायको आठ दिवस सलाईनवर होती. मी मुद्दाम केलं असं लिहू नका, एवढंच."

रविवार, ९ मार्च

मोबाईलवर आलेल्या फोनची यादी काढली. २ डिसेंबर — चार मिनिटं. १९ डिसेंबर — दोन मिनिटं. ६ जानेवारी — पन्नास सेकंद.

त्यानंतर तीन दिवसांनी बादली.

यातला एकही फोन ऑफिसच्या तक्रारवहीत नाही. मी नोंदवला नाही. 'वापरणाऱ्याचा गोंधळ' — मनात असाच शिक्का मारून मोकळी झाले होते.

उपाय काय होता? पंप सुरू झाल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मग मोजायचं. आज टेबलावर तसा प्रोग्राम लिहून, तपासून बघितला. अकरा मिनिटं लागली.

आई दारात येऊन उभी. "काय झालंय? तोंडाला कुलूप लावून बसलीयेस."

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे बरंच काही असतं. लहानपणापासून."

मी मान वर केली नाही.

सोमवार, १० मार्च

साहेबांना तापमानाचा आलेख दाखवला. बादलीचं सांगितलं. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"म्हणजे यंत्रणा निर्दोष. सुटलो! माणसाने दगा दिला."

"अलार्म खोटे येत होते, साहेब. दिवसाला सहा."

"त्याची लेखी तक्रार आहे?"

"नाही."

"तोंडी?"

मी आलेखाचा कागद सरळ केला. नोंदी घ्यायला बसवलेला कविराज वहीत काहीतरी खरडत राहिला.

"मग झालं तर. आजच निलंबन. पोलिसांत तक्रारही द्यावी लागेल, बाई गेलीय शेवटी. आणि हे बघ, तू इंजिनियर आहेस, वकील नाहीस. त्याची बाजू मांडायला तो आहे."

मी गप्प बसले. हे शब्द बदलून लिहिणार नाही — विचारलं होतं, उत्तर माहीत होतं, गप्प बसले.

मंगळवार, ११ मार्च

ऑपरेटरांचा लेखी जबाब आला. दीड पान, मोत्यासारखं अक्षर. बादली, तारीख, वेळ, बोअरचं पाणी, सगळं कबूल. गुडघ्याचं एक वाक्य. माझ्या फोनचं एक अक्षर नाही.

दोनदा वाचला. वाटलं, मागे काही लिहिलं असेल. कोरं.

फोन केला.

"फोनचं का लिहिलं नाहीत, काका?"

"तुमचं नाव कशाला गोवायचं? माझी दोन वर्षं उरलीत. तुमची सगळी हयात जायचीय. पोरीच्या वयाच्या तुम्ही."

"ते तुम्ही ठरवायचं नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग तुम्ही ठरवा." फोन ठेवला.

एक गोष्ट इथे कबूल करते. जबाबात माझं नाव नाही हे दिसल्यावर पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. एकच क्षण. पण वाटलं.

बुधवार, १२ मार्च

त्या तीन फोनबद्दल साहेबांना पत्र लिहिलं. पाठवलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

पत्राला जोड म्हणून एखाद्या चांगल्या स्टेशनचं तापमान लावावं — फरक दिसावा. हाताला आलं ते एकतीस नंबरचं उघडलं. पहाटे अठरा, दुपारी तीस.

मग आठ. मग चाळीस. मग सगळी.

कालचं पत्र फाडलं. हे आत्ता पाठवलं, साहेबांना आणि आरोग्य खात्याला एकाच वेळी —

'बासष्टपैकी एकोणीस स्टेशनांचे सेन्सर टाकीत नाहीत. यादी सोबत. सर्वांत जुनी नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. तिथलं पाणी आज कसं आहे, हे आपल्यापैकी कोणालाही माहीत नाही. लोक ते पीत आहेत. अलार्मची मर्यादा मी ठरवली होती. स्टेशन सतराच्या ऑपरेटरने मला तीन वेळा फोन केला होता. मी नोंद केली नाही. फोनचा तपशील सोबत. एकोणीसही टाक्यांचं पाणी हाताने तपासायला माणसं कधी निघणार, हे कृपया उद्या, शुक्रवार १४ मार्च, दुपारी बारापर्यंत लेखी कळवावे.'