दुसरा कधी आहे?

सर, आज तुमची आठवण एका निमंत्रणपत्रिकेमुळे आली. ऑगस्टमध्ये मुलीचं अरंगेत्रम आहे. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचा लोकांसमोरचा पहिला पूर्ण कार्यक्रम. तमिळमध्ये त्या शब्दाचा अर्थ रंगमंचावर चढणं. इथे टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये मात्र तो उतरण्यासाठी वापरतात. अकरावीनंतरच्या सुट्टीत मोठा हॉल, तीनशे माणसांचं जेवण, कॉलेजच्या अर्जात एक ओळ, आणि घुंगरू कपाटात. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "सुटलीस एकदाची! आमच्या नातीचं गेल्याच वर्षी उरकलं." मुलगीही तेच धरून चालली होती, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

मी तुमच्या हाताखाली पुण्याच्या दैनिकात नवीन होते. एका नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगाची बातमी घेऊन आले. तुम्ही पेनला टोपण लावलंत. "दुसरा कधी आहे?" मला ठाऊक नव्हतं. "पहिला म्हणतेस, म्हणजे पुढचा असणार. नाहीतर नुसतं प्रयोग लिही. जा, संस्थेला फोन करून विचार." पान छपाईला सोडायला वीस मिनिटं होती. मी बाहेर जाऊन परत आले आणि सांगितलं, पुढच्या शनिवारी, दुपारी चार. तुम्ही छापलंत. त्या शनिवारी तुम्ही स्वतः तुमच्या घरच्या काकूंना घेऊन गेलात. नाट्यगृहाला कुलूप. सोमवारी अंकात दिलगिरी छापून आली ती तुमच्या नावानं. मला एवढंच विचारलंत, "त्यांनीच सांगितलं होतं ना?" मी हो म्हणाले.

तर गेल्या आठवड्यात मी पत्रिकेच्या मसुद्यात खाली एक ओळ टाकली: दुसरा कार्यक्रम सप्टेंबरमध्ये, लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये. हॉल बुकसुद्धा केला. मुलीनं वाचलं. "आई, नोबडी डज अ सेकंड वन!"

"म्हणूनच तू कर."

"यू डिडन्ट इव्हन आस्क मी."

खरंच विचारलं नव्हतं. पुन्हा तेच, सर. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या देशात, ज्याला विचारायचं त्याला न विचारता तारीख. मी तिच्यासमोर ती ओळ खोडली. मग विचारलं, करशील का? ती घुंगरू सोडत होती, वर पाहिलं नाही.

"लायब्ररीत? मेकअप नाही, डिनर नाही, सगळ्या काकू नाहीत?"

"कुणी नाही. येतील ते लोक."

तिनं घुंगरू बाजूला ठेवले. मग म्हणाली, "सप्टेंबर नको. टेस्ट आहे माझी. ऑक्टोबर कर." आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तिनंच ओळ लिहिली. अक्षर वाईट आहे, पण छापायला तीच देणार आहे. लायब्ररीला फोन करून तारीख बदलून घेतली, दोनदा विचारून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. त्या संस्थेनं मला काहीही सांगितलं नव्हतं. मी बाहेर गेले होते ती फोनपर्यंतसुद्धा नाही, सर. पाण्याच्या माठापर्यंत.