धाकटीच्या जिभेवर काजू

आये,

आज दुपारपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दाराची कडी बघायला, एकदा पाणी प्यायला, तिसऱ्यांदा कशाला ते आठवत नाही. आयुष्यभर उभं राहून बोलले, त्यामुळे बसून काही सांगायचं म्हटलं की पाय ऐकत नाहीत. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून तुलाच लिहिते आहे. मी बाहेरगावी शिकत होते तेव्हा माझी पत्रं शेजारची बाई तुला वाचून दाखवायची, आणि दुसरं पान उलटलं की तू म्हणायचीस, "पुरे गो, फुडं भाषाणच असंल तिचा."

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुझ्या नातीला, माझ्या लेकीला, आता दोन मुली आहेत. थोरली सहा वर्षांची. तिला काजू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, काजूचा तुकडा पोटात गेला तर तिचा श्वास कोंडतो. धाकटी सात महिन्यांची, आणि तिच्या गालांवर, कोपरांच्या खोबणीत थोरलीसारखंच इसब आहे. मुलांची डॉक्टर म्हणाली, हिला आताच, थोडा थोडा, आमच्या डोळ्यांदेखत काजू चाखवू या, उशीर करू नका. माझी लेक नाही म्हणाली. तिला तसं शिकवणारी मी आहे.

माझी लेक सहा महिन्यांची होती तेव्हाचा तो दिवस अलीकडे सारखा समोर येतो. तू मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळीचा लिलाव आटपून थेट माझ्याकडे आली आहेस. मी शाळेचे पेपर तपासते आहे, शेजारच्या दोघी दारात गप्पा मारत उभ्या आहेत. तू माझ्या स्वयंपाकघरात पापलेटाचं सार उकळवतेस, बिनतिखटाचं, नुसत्या हळदीचं. निवल्यावर करंगळी बुडवून पोरीच्या ओठाला लावतेस. पोर मिटक्या मारते. मी खुर्ची मागे सारून उभी राहते. वर्षभर मासा नाही, अंडं नाही, काजू-शेंगदाणा तर तीन वर्षं नाही, पुस्तकात लिहिलं आहे, डॉक्टर सांगतात, आणि तू हे मासळीचे हात घेऊन... वाक्य मी पुरं केलं नाही, पण दारातल्या दोघींना ते पुरं ऐकू गेलं. तुलाही. तू मोरीत जाऊन साबणाने दोनदा हात धुतलेस आणि बाहेर येऊन म्हणालीस, "शिकलीस ता बरा झाला बाय. माज्या पाच पोरांनी ह्याच बोटावरचा खाल्लानी. येकाच्या तरी अंगावर काय उठला काय, ता त्या पुस्तकवाल्याला इचार."

मी म्हणाले, "पाच पोरं म्हणजे पुरावा नव्हे."

त्यात चूक काहीच नव्हती. पाच पोरं म्हणजे खरंच पुरावा नव्हे. पण पुस्तकातल्या त्या ओळीमागे तरी कोणता पुरावा होता, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी विज्ञान शिकवणारी बाई. छापलेलं आहे म्हणून मानलं, आणि वर तुलाच अंधश्रद्धाळू ठरवलं. त्यानंतर तू माझ्या लेकीला मांडीवर घेतलंस, न्हाऊ घातलंस, पण भरवलं कधीच नाहीस. ताट पुढे केलं तरी म्हणायचीस, "तूच भरव, माजा हात खराब."

पुढे वीस वर्षं मी हेच गावोगावी सांगत फिरले. महिला मंडळं, पालकसभा, आरे-वारेच्या वाटेवरच्या शाळा, आतल्या वाड्या. "आजीचं बोट बाळाच्या तोंडापासून दूर ठेवा," असं म्हटलं की तरुण आया टाळ्या वाजवायच्या आणि सासवा पदर सावरायच्या. मला तो क्षण फार आवडायचा. एक मात्र इथेच सांगते. तू तान्ह्या बाळांना मध चाटवायचीस. त्याविरुद्ध मी बोलले, आणि ते आजही खरंच आहे. वर्षाच्या आतल्या मुलाला मध घातक ठरू शकतो. तू गेलीस म्हणून मी तुला सगळ्याच बाबतींत बरोबर ठरवणार नाही. गेलेल्या माणसांना शहाणं करून टाकण्याची खोड मला कधीच पटली नाही.

आता थोरलीचं सांगते. माझी लेक दिली ती लांज्याकडच्या आतल्या गावात. घरामागे शेडमध्ये त्यांचा छोटा काजूचा धंदा आहे. बी उकडून फोडायची, गर वाळवायचा, मग पडवीत बायका बसून गराची तांबडी साल सोलतात. थोरली चार महिन्यांची असताना मी मे महिन्यात मदतीला म्हणून तिथे जाऊन राहिले. नुकतीच निवृत्त झाले होते, रिकामं बसवेना. सकाळी पडवीत बायकांबरोबर सालं काढायला बसायची. हातांनी काजू आणि तोंडाने भाषण, दोन्ही चालू. मांडीवर, पदरावर, बोटांच्या पेरांत काजूची बारीक भुकटी. तेवढ्यात आतून लेक हाक मारायची, "आई, पाणी तापलं." मी पदराला हात पुसायची, तळव्यावर खोबरेल घ्यायची आणि त्या पोरीला चोळायची. गालांवर, कोपरांत, जिथे कातडी ओली आणि फुटलेली होती तिथे तर जास्तच हळुवार, जास्त वेळ.

दोन महिन्यांनी तिचं उष्टावण. माझी विहीणबाई खिरीत घरच्या काजूची पूड घालणार होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. "विहीणबाय, मामानं नुसता बोट टेकवलान तर काय होतंय? घरचोच काजू हाय," ती काकुळतीला येऊन म्हणाली. मी वीस मिनिटं बोलले. खीर शेवटी मामानेच संपवली. पोरीला भाताची पेज मिळाली, आणि मी जिंकले.

तीन वर्षांची असताना तिने पहिल्यांदा ओल्या काजूची उसळ खाल्ली, मार्चमध्ये, त्याच घरी. मी होते तिथे. चार दाणे खाल्ले असतील. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. विहीणबाई म्हणाली, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा," आणि आये, मीसुद्धा लावलं. गांधी उठल्या की कोकम, हे आपल्या हाडांत इतकं मुरलं आहे की माझी सगळी पुस्तकं त्या वेळी कपाटातच राहिली. मी वाटीत आमसूल कुस्करते आहे आणि पोर घोगऱ्या आवाजात खोकते आहे. दोन घरांपलीकडे राहणारी आरोग्यसेविका ते ऐकून आत आली. "ह्यां पित्त नाय. गाडी काढा आधी." दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा पोरीचा श्वास मोकळा झाला. आणखी थोडा वेळ मी आमसूल चोळत बसले असते तर काय झालं असतं, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

धाकटी झाली, तिलाही इसब आलं, आणि मुलांच्या डॉक्टरने आम्हाला समोर बसवून सांगितलं की जुना सल्ला आता उलटा ठरला आहे. ज्या बाळांना धोका जास्त, त्यांना शेंगदाणा, अंडं असले पदार्थ सहा महिन्यांच्या आसपास जपून द्यायला सुरुवात केली तर पुढे ती अॅलर्जी कमी मुलांना होते. थांबून राहिल्याने काही भलं झालं नाही. शेंगदाण्याबद्दल पुरावा भक्कम आहे, काजूबद्दल तेवढा नाही, पण दिशा तीच दिसते, असंही ती प्रामाणिकपणे म्हणाली. मी घरी येऊन मिळेल ते वाचलं, वहीभर टिपणं काढली. आणि एका ठिकाणी थांबले. तिथे लिहिलं होतं की पदार्थ पोटातून गेला तर शरीर त्याला ओळखीचा मानायला शिकतं. पण तोच आधी फुटलेल्या कातडीतून शिरला, घरातल्या धुळीतून, माणसांच्या हातांवरून, तर शरीर त्याला शत्रू मानण्याची शक्यता वाढते.

मी वही मिटली आणि माझे हात बघत बसले.

पुढच्या भेटीत डॉक्टरला विचारलं, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असावी तसं: एखाद्या घरात काजू सोलतात, आणि त्याच हातांनी इसब असलेल्या बाळाला तेल लावतात, तर? ती म्हणाली, "एका मुलाबद्दल असं बोट ठेवून सांगता येत नाही हो. त्यामुळे झालं असेल, नसेलही." यापेक्षा तिने सरळ दोष दिला असता तर मी तो घेऊन घरी गेले असते.

लेकीला मनवायला मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. टिपणं होतीच.

"आई, तू बसून बोल ना," ती म्हणाली. "थोरलीच्या वेळी तूच उंबऱ्यात आडवी आलीस. आता तूच म्हणतेस दे. उद्या पुस्तक परत बदललं तर?"

"बदलेल. पुरावा बदलला की बदलायलाच हवं."

"माझ्या पोरी म्हणजे तुझ्या पुस्तकाच्या आवृत्त्या नव्हेत."

मी बसले. म्हटलं, "मी चुकले होते. तुझ्या आजीलाही तेव्हा नको ते बोलले."

ती पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "थांब, ह्यांना हाक मारते. साक्षीदार पाहिजे." मग पोळी उलटून म्हणाली, "कधी जायचं ते विचार."

आधी कोल्हापूरला नेऊन धाकटीच्या हातावर सुई टोचून चाचणी केली. ती ठीक आली, म्हणून आज सकाळी इथल्या दवाखान्यात. उकडलेल्या रताळ्यात काजूची मऊ पेस्ट कालवलेली. शेजारी ट्रेमध्ये इंजेक्शन तयार. लेकीने चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं. धाकटीने तोंड वाकडं केलं, विचार केला आणि चमचा धरायला हात पुढे केला. थांबून थोडं जास्त, परत थांबून आणखी. हनुवटीवर एक लाल ठिपका उठला, आम्ही सगळ्या त्याच्यावर वाकलो. तो रताळ्याच्या सालीचा निघाला, पुसल्यावर गेला. मग मी बाहेर जाऊन फेऱ्या घालू लागले. "आजी, बसा आता, आमची फरशी झिजंल," नर्स म्हणाली. दोन तास गेले. काही झालं नाही. धाकटी आईच्या खांद्यावर झोपली.

निघताना डॉक्टरने बजावलं, आता आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, पण घरात थोरली आहे, तेव्हा चमचा-वाटी वेगळी आणि भरवल्यावर साबणाने हात धुवायचे. लेक हसून म्हणाली, "ते आमच्या आईला सांगायला नको. ती जन्मभर दुसऱ्यांनाच हात धुवायला लावत आली." सगळे हसले. मीही हसले.

रविवारी महिला मंडळात माझं बोलणं आहे. तिथे सांगणार आहे की वीस वर्षं चुकीचं सांगितलं, ज्यांनी ऐकलं त्यांची माफी मागते. ते मला जमेल. कदाचित टाळ्याही पडतील. पण पडवीतल्या त्या मे महिन्याचं, पदराला पुसलेल्या हातांचं, मी लेकीला सांगितलेलं नाही. स्वतःला समजावते की एका मुलाबद्दल पुरावा नसतो. सांगणार आहे, असंही म्हणत नाही. तुला सांगितलं ते एवढ्यासाठीच, की तू आता उलट बोलणार नाहीस. ती बोलेल.